जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप: खोलण्याआधी दोष कसा शोधावा

वीस-पंचवीस वर्षे राबलेला ट्रॅक्टर सेल मारूनही उठेना, चालता चालता दम तोडू लागला किंवा रोटाव्हेटर जमिनीत उतरताच बसू लागला, की ‘पंप गेला’ हा निकाल गावात पाच मिनिटांत लागतो. पंप उतरवून तालुक्याला नेला जातो, एलिमेंट (डिझेलवर दाब आणणारे दट्टे आणि त्यांची नळकांडी) बदलली जातात, बिल भागवले जाते आणि ट्रॅक्टर पुन्हा शेतात नेल्यावर तोच त्रास सुरू होतो, कारण दोष टाकीच्या कॉकखालच्या तडकलेल्या रबरी नळीत होता आणि तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नव्हते. डिझेल पंप एकाएकी क्वचितच जातो. त्याला वर्षानुवर्षे गाळ, पाणी किंवा हवा मिसळलेले डिझेल पाजले, तर मात्र तो हळूहळू झिजत जातो. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करून क्रमाने पुढे यावी आणि पंपावर पाना सर्वांत शेवटी लावावा.

येथे प्रामुख्याने पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या, तीन किंवा चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरवरील इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक एलिमेंट एका रांगेत असलेला पंप, डोळ्यांसमोर ठेवला आहे. बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे नाव 2008 मध्ये बदलून बॉश झाले, तरी फिटर मंडळी या पंपाला आजही मायको पंपच म्हणतात. जुन्या मॅसी फर्ग्युसनवर अनेकदा दिसणारा सीएव्ही या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा रोटरी पंप (यात एकच फिरता रोटर सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो) काही बाबतींत वेगळा वागतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

डिझेलचा मार्ग

टाकीतून कॉक, कॉकखालून नळी, तेथून गाळ साठवणारी वाटी, मग डिझेल ओढून पुढे ढकलणारा फीड पंप, त्यानंतर एक किंवा दोन फिल्टर आणि शेवटी मुख्य इंजेक्शन पंप, असा डिझेलचा मार्ग असतो. मुख्य पंपातून प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक लोखंडी प्रेशर पाइप निघून सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोजलपर्यंत जातो आणि वापरून उरलेले डिझेल परतीच्या बारीक नळीने मागे येते. दोष शोधताना या मार्गाचे तीन तुकडे मनात वेगळे ठेवावेत. टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग, फीड पंप ते मुख्य पंप हा कमी दाबाचा भाग आणि मुख्य पंप ते नोजल हा जबरदस्त दाबाचा भाग.

ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक भागातली गळती निराळी दिसते. दाबाच्या भागात जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर पाझरते, धूळ चिकटून तेथे काळा ओलसर थर बसतो आणि दोष डोळ्यांना दिसतो. ओढीच्या भागातली फट मात्र इंजिन चालू असताना डिझेल बाहेर न टाकता हवा आत घेते. नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते आणि तरीही ट्रॅक्टर ‘हवा धरत’ राहतो.

काम सुरू करण्याआधी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके लावलेले असावेत. पंप, फिल्टर आणि सगळे जोड आधी ब्रश आणि डिझेलने धुऊन कोरडे करावेत, कारण उघडलेल्या जोडातून आत गेलेला मातीचा एक कणही पंपाच्या एलिमेंटला ओरखडा पाडू शकतो. एलिमेंटमधील प्लंजर (दट्टा) आणि बॅरल (नळकांडे) यांच्यात 2 ते 4 मायक्रॉन इतकीच जागा असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. पुसायला धागे सुटणारी चिंधी किंवा कापसाचा बोळा वापरू नये. इंजिन गरम असताना पंपावर थंड पाण्याचा फवारा मारण्याची सवय धुलाई सेंटरवर सर्रास दिसते, तीही टाळावी. इतक्या बारकाईने बसवलेले भाग अचानक आकसले तर अडकू शकतात.

सुरक्षेची एक बाब मात्र ठासून सांगायला हवी. नोजल साधारण 200 बारच्या आसपास उघडते, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरमध्ये हवा असते जेमतेम 2 बार. प्रेशर पाइपच्या बारीक चिरेतून किंवा नोजलच्या टोकातून निघालेला फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्यासारखी क्षुल्लक दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि आतला भाग सडू लागतो. असे झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि उच्च दाबाचे डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती बोटाने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवला तरी त्यावर ओला ठिपका उमटतो.

पहिला प्रश्न सायलेन्सरला

सेल मारताना एकाने सायलेन्सरकडे पाहावे. इंजिन नीट फिरत असूनही धुराचा मागमूस नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढरट धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. अशा वेळी पंपाच्या मागे न लागता कॉम्प्रेशन, नोजलचा फवारा, टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ) आणि बॅटरी यांच्याकडे वळावे. अशक्त बॅटरीवर इंजिन रेंगाळत फिरले तर हवा पुरेशी तापत नाही आणि निरोगी पंपही दोषी ठरतो. सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर डिझेलचा दोष सापडेपर्यंत स्टार्टर जळालेला असतो.

धूर अजिबात नसेल तर स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करण्याच्या नॉबची तार पाहावी. नॉब आत ढकलला म्हणजे पंपावरचा दांडा मागे आलाच असे नाही. गंजलेली तार मध्येच अडकते, दांडा बंद स्थितीत राहतो आणि पंप डिझेल देत नाही. तार सोडून दांडा हाताने चालू स्थितीत नेला आणि ट्रॅक्टर सुरू झाला, तर दुरुस्ती तेथेच संपली.

टाकी ते फीड पंप: सर्वाधिक दोष येथेच

ट्रॅक्टर सुरू होतो, वीस-तीस मिनिटे नांगरट करतो, मग ओढ कमी होत बंद पडतो आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होतो, अशी तक्रार असेल तर बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा सूं आवाज आला तर झाकणातले हवेचे छिद्र चिखलाने बुजलेले आहे. डिझेल खाली उतरते, त्याच्या जागी हवा येत नाही आणि टाकीतच ओढ निर्माण होते. हरवलेल्या झाकणाऐवजी पिशवी बांधून ठेवलेल्या टाकीतही हेच घडते, आणि पिशवी फाटली की धूळ थेट आत जाते.

त्यानंतर वाटीच्या अलीकडचा जोड सोडून खाली स्वच्छ भांडे धरावे आणि कॉक उघडावा. बहुतेक ट्रॅक्टरांची टाकी इंजिनाच्या वरच असल्यामुळे डिझेलची भरदार, अखंड धार पडली पाहिजे. धार सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक होत गेली, तर टाकीतला गाळ कॉकच्या तोंडाशी येऊन बसतो आहे. नळीत तोंडाने फुंकर मारून गाळ मागे ढकलण्याचा उपाय शेतात वेळ मारून नेण्यापुरता ठीक आहे, पण संध्याकाळी टाकी रिकामी करून धुवावीच लागते. खाली काढलेल्या डिझेलचा नमुना काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवला की पाणी असल्यास तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो.

हवेचा दोष शोधण्याची सर्वांत खात्रीची रीत पारदर्शक नळीची आहे. डिझेलला टिकणारी फूटभर पारदर्शक नळी घेऊन ती वाटी आणि फीड पंप यांच्यामध्ये दोन्ही टोकांना क्लिप आवळून बसवावी, इंजिन सुरू करावे, रेस वाढवावी आणि नळीवर नजर ठेवावी. निरोगी ट्रॅक्टरमध्ये नळी भरलेली, स्थिर, जणू आत काही हलतच नाही अशी दिसते. हवा येत असेल तर आधी मोहरीएवढे तुरळक बुडबुडे सरकताना दिसतात आणि रेस वाढवली की त्यांची माळ होते. बुडबुडे दिसल्यास तीच नळी एक जोड मागे, टाकीच्या दिशेने सरकवावी. ज्या जागी बुडबुडे दिसेनासे होतात, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मधल्या भागात फट आहे. बहुधा ती वाटीच्या रबरी रिंगेत, बँजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वायसरमध्ये किंवा क्लिपखाली कडक होऊन चिरलेल्या रबरी नळीत सापडते.

एक उपयुक्त खूण अशी की टाकी भरलेली असताना त्रास नसतो आणि ती निम्म्याखाली आली की सुरू होतो. भरलेल्या टाकीच्या वजनाने डिझेल ढकलले जाते, तोवर फट झाकली जाते; पातळी उतरली की फीड पंपाला ओढावे लागते आणि फट जागी होते.

पारदर्शक नळीची सोय नसेल तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटपेक्षा उंच टांगून त्यातून वेगळी नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडावी. ट्रॅक्टर आता तासभर बिनतक्रार चालला तर दोष फीड पंपाच्या अलीकडे आहे आणि मुख्य पंपाची बदनामी थांबवता येते.

जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचे तुकडे सुटून आत जातात. टाकीची चीर साबण चोळून थांबवणे हा जुना आणि खरोखर कामाचा उपाय आहे, पण तो फक्त घरी पोहोचण्यासाठी. तांब्याचे वायसर लालबुंद तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात आणि पुन्हा एकदा चालतात. तरी नवे वायसर इतके स्वस्त असतात की ही काटकसर अडचणीच्या प्रसंगापुरतीच राखावी.

फीड पंप

फीड पंपाची बाहेर जाणारी नळी सोडावी, स्टॉप ओढून ठेवावा आणि सेल मारावा. प्रत्येक फेरीला डिझेलची ठसठशीत पिचकारी उडाली पाहिजे. नुसते ओघळ येत असतील तर आतली बारीक जाळी, झडपा किंवा स्प्रिंग यांत दोष आहे. इनलाइन पंपाच्या कुशीत बसणारा प्लंजर फीड पंप घरी उघडून साफ करता येतो. झडपांची बैठक खड्डे पडलेली दिसली तर पूर्ण फीड पंप बदलणेच परवडते.

इंजिनाच्या अंगावर बसवलेला पडद्याचा फीड पंप असेल आणि त्याचा हातदांडा दाबताना काहीच जोर लागत नसेल, तर तो लगेच खराब ठरवू नये. आतला कॅम उचललेल्या स्थितीत थांबला असेल तर दांडा पोकळच लागतो. इंजिन एक फेरी फिरवून पुन्हा दाबून पाहावे. या पंपाचा पडदा फाटला तर मात्र डिझेल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, काठीला डिझेलचा वास आला किंवा ऑइल पाण्यासारखे पातळ झाले असेल, तर ट्रॅक्टर एक मिनिटही चालवू नये. बेअरिंग जाण्याचा खर्च पंपाच्या कितीतरी पट असतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात: कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये, बदलताना जुनी रबरी रिंग खाचेत चिकटून राहिलेली नाही ना हे पाहावे, आणि तळाच्या बोल्टमधून पाणी काढण्याचे काम पावसाळ्यात आठवड्याला करावे.

हवा काढणे

कोणताही जोड उघडला की हवा काढावीच लागते, आणि घाईत अर्धवट काढलेली हवा हेच ‘दुरुस्तीनंतरही तोच त्रास’ होण्याचे मोठे कारण आहे. टाकी किमान निम्मी भरून कॉक पूर्ण उघडावा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सोडून हँड प्रायमर (फीड पंपावरचा हाताने मारायचा दट्टा) एका लयीत मारावा. आधी फुसफुसत हवा येते, मग पांढरट फेस, मग बुडबुड्यांसह तुटक धार आणि शेवटी काळजीपूर्वक पाहिले तरी एकही बुडबुडा न दिसणारी अखंड धार. फेस थांबताच स्क्रू आवळण्याचा मोह आवरून आणखी आठ-दहा दट्टे मारावेत आणि धार वाहत असतानाच स्क्रू बंद करावा. दट्टा थांबल्यावर आवळला तर हवा परत आत ओढली जाते. हेच दुसऱ्या फिल्टरवर आणि त्यानंतर मुख्य पंपाच्या अंगावरच्या एअर स्क्रूवर करावे. क्रम टाकीकडून पंपाकडे असाच हवा. काम झाल्यावर प्रायमरची मूठ दाबून फिरवून घट्ट बसवावी, कारण ती ढिली राहिली तर तिथूनच हवा शिरते.

आता प्रेशर पाइपांचे नोजलकडचे नट एकेक आटा सोडावेत, स्टॉप चालू स्थितीत आणि हातरेस निम्म्यावर ठेवावी, चेहरा बाजूला ठेवून सेल मारावा. प्रत्येक नटाजवळून ठिबकत, उसळत डिझेल आले की तो नट आवळावा. पाइप पंपाकडच्या टोकाला सोडायची वेळ आलीच, तर डिलिव्हरी व्हॉल्व्हचा (डिझेल पाइपात सोडून मागे येऊ न देणाऱ्या झडपेचा) होल्डर दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, म्हणजे तो सोबत फिरून सैल होत नाही.

ट्रॅक्टर सुरू आहे, पण बरा नाही

इंजिन एखादे सिलिंडर मिस करत असेल तर हळू रेसवर एकेका नोजलचा नट जाड कापड टाकून अर्धा आटा सोडावा. नट सोडताच इंजिनाचा आवाज बदलून ते डगमगले तर ते सिलिंडर काम करते आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरचा. तो नोजलचा की पंपाच्या एलिमेंटचा हे ठरवण्यासाठी त्या नोजलची शेजारच्या नोजलशी अदलाबदल करावी आणि नोजलखालचे वायसर नवे घालावे. दोष नोजलबरोबर सरकला तर नोजल, जागीच राहिला तर पंप किंवा कॉम्प्रेशन.

रेस आपोआप खाली-वर होत असेल तर आधी हवा आणि मगच गव्हर्नर (रेस स्थिर ठेवणारा पंपाचा भाग) तपासावा. ओझे लावल्यावर ओढ नाही आणि धूरही नाही, तर डिझेल अपुरे आहे: फिल्टर, फीड पंप आणि परतीच्या जोडातला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह पाहावा. या लहानशा व्हॉल्व्हची स्प्रिंग मेली की पंपाला मिळणारा दाब परतीच्या वाटेने निघून जातो. हा दोष फिटरच्याही नजरेतून सुटतो. ओढ नाही आणि काळा धूर भरपूर, तर डिझेल कमी नाही, हवा कमी आहे. एअर क्लीनरच्या वाटीत तेलाऐवजी चिखल साचला असेल तर पंपाचे सील तोडून डिझेल कमी-जास्त करण्यात काही अर्थ नाही.

दोष पंपातच आहे, हे कधी मानावे

वरचे सगळे निर्दोष निघाल्यावर. कित्येक महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या पंपात रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी सरकती दांडी, चिकटते. ती बंद स्थितीत अडकली तर ट्रॅक्टर सुरू होत नाही एवढेच. पूर्ण डिझेलच्या स्थितीत अडकली तर सुरू होताच इंजिन बेफाम रेस घेते आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. म्हणून अशा पंपाच्या बाजूचे झाकण उघडून रॅक बोटाने मागे-पुढे सहज सरकते का हे सेल मारण्याआधी पाहावे. पहिल्यांदा सुरू करताना एकाने हवेच्या तोंडावर दाबायला जाड फळी घेऊन उभे राहावे; तेथे हात किंवा कापड लावू नये.

डिलिव्हरी व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल तर प्रेशर पाइप काढून प्रायमर मारल्यावर त्या होल्डरमधून डिझेल पाझरते. व्हॉल्व्ह निरोगी असेल तर प्रायमरच्या दाबाला तो दाद देत नाही. झिजलेल्या एलिमेंटची ठळक खूण म्हणजे सकाळी थंड असताना ट्रॅक्टर सुरू होतो आणि दुपारी गरम झाल्यावर बंद केला तर उठत नाही, कारण तापलेले पातळ डिझेल प्लंजरच्या बाजूने निसटते. ज्या पंपात स्वतंत्र ऑइल असते, त्यात त्याची पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास आलेला दिसणे ही दुसरी खूण.

1 एप्रिल 2020 पासून देशभर आलेल्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 10 भाग) खाली आल्यामुळे जुने पंप सुकतात, असे अनेक जण सांगतात. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण घटतो हे खरे, पण तो भरून काढण्यासाठी मानकातच मर्यादा घातलेली असते. पंपाचे खरे शत्रू रॉकेलची भेसळ आणि उघड्या बॅरलमधले पाणी हेच आहेत.

रोटरी पंप असेल तर

यात वेगळे ऑइल नसते. डिझेलच त्याचे वंगण. म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत ट्रॅक्टर चालवणे किंवा डिझेल नसताना सेल मारत राहणे या पंपाला अधिक महागात पडते. हवा काढण्याचे दोन स्क्रू असतात: एक पंपाच्या मधल्या अंगावर, दुसरा वर गव्हर्नरच्या झाकणावर. खालचा आधी, वरचा नंतर. आतली, डिझेल मोजून सोडणारी मीटरिंग व्हॉल्व्ह चिकटली की रेस लवकर उतरत नाही किंवा चढत नाही. पाण्याने गंजलेला रोटर मात्र दुरुस्त होत नाही.

पंप उतरवणे आणि परत बसवणे

पंप काढण्याआधी इंजिन पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर, फ्लायव्हीलच्या खुणेशी आणून ठेवावे आणि पंप येईपर्यंत ते कोणालाही फिरवू देऊ नये. पंपाचा फ्लँज आणि त्यामागचे घर यांवर एकच सरळ रेघ छिन्नीने कोरावी. खडूची खूण धुलाईत जाते. प्रेशर पाइपांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्यात आणि सगळी उघडी तोंडे स्वच्छ टोपणांनी बंद करावीत.

पंप-नोजलच्या वर्कशॉपमध्ये पाटीवरचा पंपाचा क्रमांक दाखवून त्या क्रमांकाच्या तक्त्याप्रमाणेच कॅलिब्रेशन (डिझेलचे प्रमाण जुळवणे) करायला सांगावे आणि टेस्ट बेंचवर प्रत्येक एलिमेंटने दिलेले डिझेल समोर उभे राहून पाहावे. काचेच्या नळकांड्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे. ‘जरा डिझेल वाढवून द्या, ओढेल’ ही मागणी करू नये. जुन्या इंजिनाचे पिस्टन आणि हेड त्याची किंमत देतात. नोजलही त्याच खेपेला तपासून घ्यावेत.

बसवताना कोरलेल्या रेघा जुळवाव्यात, पंपाचे वेगळे ऑइल असल्यास ते भरावे, हवा पूर्ण काढावी आणि सुरू झाल्यावर आवाज ऐकावा. खटखट वाढली तर टायमिंग पुढे गेले आहे. पांढरा धूर, जास्त तापणे आणि ढिली ओढ असेल तर मागे पडले आहे. फ्लँजचे बोल्ट सैल करून पंप किंचित फिरवण्याने फरक पडतो, परंतु अचूक टायमिंग फ्लायव्हीलच्या खुणेवर, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या अंशांप्रमाणे मेस्त्रीकडूनच लावून घ्यावे. पहिल्या दिवशी हलक्या कामावर चालवून संध्याकाळी सगळे जोड पुसावेत, दुसऱ्या दिवशी सकाळी जेथे ओल दिसेल तो जोड आवळावा आणि इंजिन ऑइलची पातळी काठीवर पुन्हा एकदा पाहावी.